मैत्रीचा तहनामा आणि वऱ्हाडाची किंमत : निजाम आणि इंग्रज यांचं नातं नेमकं काय होतं?

दरवर्षी सप्टेंबर महिना आला की आमच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो. मागच्या वेळी नववीतल्या एका मुलाने तो सरळ विचारला, "निजाम स्वतंत्र बादशहा होता की इंग्रजांचा नोकर?" कुठून काढलंस हे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "दादाजान म्हणतात आपला निजाम बादशहा होता. आणि गल्लीतली पोरं म्हणतात तुमचा निजाम इंग्रजांचा गुलाम होता."

आम्हाला त्यातला "आपला" आणि "तुमचा" हा भागच जास्त खटकला. परतूरच्या शाळेत एका बाकावर बसणारी पोरं दोन वेगळ्या गोष्टी घेऊन घरी जातात आणि दोन्ही गोष्टी अर्ध्याच असतात. म्हणून हा विषय नीट, कागदोपत्री जे घडलं त्या क्रमाने समजून घेऊ. निजामाची बाजू घ्यायला नाही आणि त्याला शिव्या घालायलाही नाही. एका परकी व्यापारी सरकारने आपल्या बलाढ्य शेजाऱ्याशी मैत्री कशी केली आणि त्या मैत्रीत शेजारी हळूहळू कसा बांधला गेला, हे आपल्या मुलांना कळायला हवं.

आधी पैसे कंपनी देत होती

आसफजाही घराण्याची सुरुवात आपल्यापासून फार लांब झालेली नाही. १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला तो साखरखेर्ड्याला. हे गाव आज आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. त्या लढाईनंतर दख्खनचा सुभा दिल्लीच्या नावाने, पण खऱ्या अर्थाने निजामाच्या हुकमाने चालू लागला. सुरुवातीला औरंगाबाद हेच सत्तेचं मुख्य ठिकाण होतं. दरबार हैदराबादला स्थिरावला तो पुढे निजाम अलीखानाच्या काळात.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी तेव्हा मद्रासच्या किनाऱ्यावर होती. तिला बंगालच्या उपसागराच्या काठचे 'उत्तर सरकार' नावाने ओळखले जाणारे पाच जिल्हे हवे होते. दिल्लीच्या बादशहाकडून तिने १७६५ मध्ये फर्मान मिळवलं, पण नुसत्या फर्मानावर भागेना, कारण दारात निजाम उभा होता. म्हणून १७६६ मध्ये तह झाला. त्या तहात पाच जिल्ह्यांसाठी वर्षाला ९ लाख रुपये निजामाला द्यायचं कंपनीने कबूल केलं. म्हणजे या नात्याची सुरुवात अशी आहे की पेशकश देणारी कंपनी आणि घेणारा निजाम. ज्याला कोणी 'गुलाम' म्हणतं त्याने ही सुरुवात आठवावी.

लगेच पुढच्या वर्षी निजाम अली हैदर अलीच्या बाजूला गेला आणि १७६८ मध्ये परत कंपनीशी तह करून बसला. त्या काळचं राजकारण असंच होतं. दख्खनमध्ये निजाम, पुण्याचे पेशवे, म्हैसूरचे हैदर-टिपू आणि कंपनी अशा चार ताकदी होत्या. आज जो शत्रू तो उद्या हलीफ, म्हणजे दोस्त.

वकील आणि रेसिडेन्ट

त्या काळात 'वकील' म्हणजे कोर्टातला वकील नव्हे. एका दरबाराने दुसऱ्या दरबारात ठेवलेला माणूस म्हणजे वकील. पुण्याचा वकील हैदराबादला असे, हैदराबादचा पुण्याला असे. तो बातम्या कळवी, पत्रं पोचवी, सलोख्याची बोलणी करी. कंपनीने १७७९ मध्ये हैदराबादला आपला असाच माणूस पाठवला, त्याचं नाव जॉन हॉलंड. इंग्रज या पदाला रेसिडेन्ट म्हणत. सुरुवातीला तो इतर वकिलांसारखाच एक वकील होता.

१७९८ ते १८०५ या काळातला रेसिडेन्ट जेम्स कर्कपॅट्रिक फारसी आणि हिंदुस्तानी बोलत असे. हैदराबादच्या उमराव घरातल्या खैरुन्निसाशी त्याने लग्न केलं. दरबारात तो दरबाराच्या रीतीने वागत असे. पण त्याच्याच हातून असे तह झाले की पुढच्या रेसिडेन्टला रीत पाळायची गरजच उरली नाही.

खर्ड्यानंतरचा एकटेपणा

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. खर्डा म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, बीडच्या हद्दीजवळचं गाव. कंपनी आपली दोस्त आहे, ती मदतीला येईल असं निजाम अलीला वाटत होतं. गव्हर्नर जनरल जॉन शोअरने हात झटकले. निजाम हरला. ३ कोटी रुपये आणि दौलताबादचा किल्ला मराठ्यांना द्यायचं ठरलं. शिवाय निजामाचा मुख्य मंत्री अरस्तू जाह ओलीस म्हणून पुण्याला गेला.

चिडलेल्या निजामाने कंपनीच्या पलटणी परत पाठवल्या आणि रेमंड नावाच्या फ्रेंच सेनापतीची कवायती फौज वाढवली. इंग्रजांना त्याचीच धास्ती होती. युरोपात त्यांचं फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि इकडे टिपू सुलतानही फ्रेंचांशी पत्रव्यवहार करत होते. मार्च १७९८ मध्ये रेमंड वारला. त्याच साली नवा गव्हर्नर जनरल वेलस्ली आला आणि त्याने संधी साधली.

१ सप्टेंबर १७९८ ला तैनाती फौजेचा तह झाला. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादला राहतील, त्यांचा खर्च निजाम देईल, वर्षाला २४ लाखांच्या वर. त्याबदल्यात फ्रेंचांना काढून टाकायचं. २२ ऑक्टोबरला रेमंडच्या हजारो शिपायांना घेरून हत्यारं खाली ठेवायला लावली. रक्त सांडलं नाही. हैदराबादने आपली कवायती फौज मोडली आणि दुसऱ्याची फौज आपल्या पैशाने ठेवली.

१२ ऑक्टोबर १८०० च्या तहाने गाठ पक्की बसली. फौज ८,००० पायदळ आणि १,००० घोडदळ इतकी झाली. तिच्या खर्चासाठी निजामाने म्हैसूरच्या दोन युद्धांत मिळालेला मुलूख, म्हणजे बल्लारी, कडप्पा हा सगळा भाग, कंपनीला देऊन टाकला. आणि एक कलम असं की कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही दरबाराशी बोलणी करायची नाहीत. आमच्या मते सगळ्या तहात महाग पडलं ते हेच कलम. जो शेजाऱ्याशी स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या घराची दारं बाहेरून लावलेली असतात.

असई : आपल्याच जिल्ह्यातली लढाई

२३ सप्टेंबर १८०३ ला असईची लढाई झाली. ही जागा आपल्या जालना जिल्ह्यातच, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई नद्यांच्या संगमाजवळ आहे. आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. हैदराबादच्या तैनाती फौजेचा सेनापती कर्नल स्टीव्हन्सन याने त्याच महिन्यात जालन्याचा किल्ला घेतला होता.

युद्ध संपल्यावर भोसल्यांकडून घेतलेला वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख कंपनीने निजामाला दिला. तेव्हा हैदराबादमध्ये अनेकांना वाटलं असेल की दोस्ती फळाला आली. हा वऱ्हाड लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

फौज कोणाची, पगार कोणाचा?

१८०० च्या तहाप्रमाणे युद्धाच्या वेळी निजामाने आपलं काही सैन्य मदतीला द्यायचं होतं. रेसिडेन्ट हेन्री रसेलच्या काळात त्यातून एक कायमची फौज उभी राहिली. तिचं नाव हैदराबाद कंटिंजंट. युद्ध असो नसो, ती राहणारच. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेन्टचा आणि पगार निजामाचा, वर्षाला सुमारे ४० लाख. जालन्याच्या छावणीतही हीच फौज असे.

एवढा पैसा आणायचा कुठून? हैदराबादला पामर अँड कंपनी नावाची पेढी होती. तिने दरबाराला जबर व्याजाने कर्ज दिलं. एकट्या १८२० चंच कर्ज ६० लाखांचं होतं. नवा रेसिडेन्ट मेटकाफ हा इंग्रजच, पण त्यानेच या व्यवहाराची लक्तरं बाहेर काढली. शेवटी कर्ज फेडायला काय केलं? उत्तर सरकारांसाठी कंपनी जी पेशकश देत होती, ती १८२३ मध्ये एकदाच १ कोटी १६ लाखांच्या वर रक्कम घेऊन कायमची सोडून दिली. म्हणजे कंपनीकडून येणारा वार्षिक पैसा थांबला आणि कंपनीच्या फौजेवर जाणारा पैसा चालूच राहिला.

आमच्या गावात सावकाराची वही पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

१८५३ : एक शब्द नाकारला

१८५३ पर्यंत कंटिंजंटच्या पगाराची थकबाकी जवळपास ५० लाखांवर गेली, असं कंपनीचं म्हणणं. गव्हर्नर जनरल डलहौसीने रेसिडेन्ट लो याच्यामार्फत तगादा लावला की पैसे द्या नाही तर मुलूख द्या. तेव्हा गादीवर नासिरुद्दौला होता. कंपनीला वऱ्हाड 'कायमचा' हवा होता. नासिरुद्दौला तो शब्द लिहू देईना. शेवटी २१ मे १८५३ ला तह झाला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग कंपनीच्या कारभाराखाली गेला, पण 'कायमचा' हा शब्द त्यात आला नाही. मालकी निजामाची, कारभार कंपनीचा, हिशेब कंपनी देईल, उरलेला पैसा निजामाला, असं ठरलं. थोड्याच दिवसांत चोवीस वर्षांचा सालारजंग दिवाण झाला.

परतूरकरांनी ही सरहद्द डोळ्यांपुढे आणावी. मंठ्याहून पुढे गेलं की तासाभरात लोणार लागतं. लोणार वऱ्हाडात, परतूर-मंठा निजामाच्या मुलखात. इकडे 'मोगलाई', तिकडे 'इंग्रजी'. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आपले सोयरे, बाजार, उरूस सगळे दोन्हीकडे, पण सरकारं दोन. १८५३ च्या एका सहीने पडलेली ही रेघ इतकी टिकली की लोणार आणि परतूर एका राज्यात आले ते थेट १ नोव्हेंबर १९५६ ला, द्विभाषिक मुंबई राज्यात.

१८५७ मध्ये औरंगाबादला कंटिंजंटच्याच घोडदळात उठाव झाला. जुलै महिन्यात तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या पुढाकाराने हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. निजाम आणि सालारजंग मात्र इंग्रजांच्या बाजूला राहिले. तुर्रेबाजखान मारला गेला, मौलवी अलाउद्दीनला अंदमानला पाठवलं. राज्यकर्ते एका बाजूला आणि त्यांचीच प्रजा दुसऱ्या बाजूला, हेही आपल्या इतिहासात आहे. बक्षीस म्हणून १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळालं, ५० लाखांचं कर्ज माफ झालं. वऱ्हाड नाही मिळाला. उलट त्याचा हिशेब मागायचा हक्कही निजामाने सोडला. पुढे त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, वऱ्हाडात रेल्वे आली. मग तर इंग्रज तो सोडणार नव्हतेच.

पत्रातले शब्द आणि पायातले जोडे

दोन राज्यांमधलं नातं पाहायचं असेल तर ते एकमेकांना काय म्हणतात ते पाहावं. १८२९ पर्यंत फारसी पत्रव्यवहारात निजाम स्वतःला 'मा-बदौलत' म्हणवी. हे बादशहाचं बोलणं. गव्हर्नर जनरल स्वतःला 'नियाजमंद' म्हणजे विनम्र, गरजू असं लिही. १८२९ मध्ये नासिरुद्दौला गादीवर आल्यावर ही रीत बंद करून बरोबरीची भाषा सुरू झाली.

दरबारात रेसिडेन्ट जोडे काढून खाली बैठकीवर बसे. १८६९ मध्ये महबूब अलीखान लहानपणी गादीवर आले, तेव्हा इंग्रज अधिकारी जोडे घालून खुर्चीवर बसले. नियाजमंद आधी बरोबरीचा झाला, मग वरचढ.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना महबूब अलीखानांनी वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने दिला. बदल्यात वर्षाला २५ लाख. जो शब्द आजोबांनी १८५३ मध्ये लिहू दिला नव्हता, तो एकोणपन्नास वर्षांनी नातवाच्या कागदावर आला.

पहिल्या महायुद्धात उस्मान अलीखानांनी इंग्रजांना मोठी मदत केली. १९१८ मध्ये त्यांना 'यार-ए-वफादार' हा किताब मिळाला. यार म्हणजे दोस्त, वफादार म्हणजे इमानदार. पण दोन बरोबरीच्या दोस्तांत वफादारीचं सर्टिफिकेट कोण कोणाला देतो? हे त्यांना लवकरच कळलं. त्यांनी वऱ्हाड परत मागितला आणि आम्ही हलीफ आहोत, परराष्ट्राचे विषय सोडले तर बरोबरीचे आहोत असं लिहिलं. मार्च १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगचं उत्तर आलं. त्याचा मतलब असा की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने बोलणी करायचा हक्क सांगू शकत नाही. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब दिला. नाव मिळालं, वऱ्हाड नाही.

यात धर्म कुठे आहे?

आता मुलाच्या "आपला" आणि "तुमचा" कडे येऊ. १७९० मध्ये टिपू सुलतानांच्या विरुद्ध तीन सत्ता एकत्र आल्या : पेशवे, निजाम आणि कंपनी. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टणला टिपू शहीद झाले, तेव्हा निजामाची फौज कंपनीच्या सोबत होती. ही गोष्ट आपल्याला कडू लागते, पण ती लपवून चालणार नाही. टिपूंचा दिवाण पूर्णय्या हिंदू होता, निजामाचा कारभार वर्षानुवर्षं चंदूलालच्या हातात होता. यातलं कुठलंही युद्ध दीनसाठी झालं नाही आणि कुठलाही तह दीनसाठी झाला नाही. महसूल, मुलूख आणि गादी, एवढ्यासाठीच ते झाले.

१९४८ मध्येही तसंच पाहावं. रझाकारांनी गावोगाव जुलूम केले, हे खरं आहे. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात बेकसूर मुस्लिमांवर अत्याचार झाले, हेही खरं आहे. आणि हैदराबादने भारतात सामील व्हावं असं उर्दूतून लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्लाखान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी मारलं, हेही तितकंच खरं आहे. एका राजाच्या चुकांचा जाब त्याच्या प्रजेच्या नातवंडांकडे मागता येत नाही. आणि त्या राजाच्या वैभवाचा तोराही त्या नातवंडांनी मिरवायची गरज नाही. आपले बहुतेक पूर्वज निजाम नव्हते. ते त्याला सारा भरणारे शेतकरी, विणकर, शिपाई आणि कारकून होते. फौजेचा तो ४० लाखांचा खर्च शेवटी त्यांच्याच शिवारातून निघत होता, शेजारच्या पाटलाच्या शिवारातूनही तसाच.

मुलांना काय सांगावं

त्या मुलाला आम्ही वर्गात फळ्यावर तीन शब्द लिहून दाखवले : फौज, कर्ज, कागद. आधी संरक्षणाच्या नावाने फौज आली, मग फौजेच्या नावाने कर्ज आलं, मग कर्जाच्या नावाने कागदावर सही आली. निजाम जन्मतः गुलाम नव्हता आणि शेवटपर्यंत बादशहाही राहिला नाही. मधला प्रवास तहातल्या कलमांमधून झाला. कुराणने कर्जाचा व्यवहार लिहून ठेवायला आणि साक्षीदार ठेवायला सांगितलं आहे. लिहिलेलं वाचून, समजून सही करायची, हे त्यात आलंच.

शेवटी एक विनंती. आपल्या भागात अनेक घरांत पेटीच्या तळाशी उर्दू आणि मोडीतले जुने कागद आहेत : पावत्या, सनदा, शेताचे उतारे. घर झाडताना रद्दीत देऊ नका. वाचता येत नसेल तर गावात उर्दू जाणणारे कोणी ना कोणी आहेत, त्यांना दाखवा, फोटो काढून ठेवा. दादाजानच्या आठवणीही मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी आला तो गल्लीतल्या त्याच मित्राला बरोबर घेऊन. दोघांना लोणारची ती जुनी सरहद्द नकाशावर पाहायची होती. आम्ही नकाशा काढून बाकावर पसरला आणि दोघं डोकं खाली घालून मंठ्याच्या पुढे बोट सरकवू लागले.